पायांसकट फोटो

मित्रांनो, तुमच्यासमोर हे जे लाकडी धूड तीन पायांवर उभे आहे, तो मी एक म्हातारा कॅमेरा आहे. सागवानी पेटी, कातडी भाता, पुढे भिंग आणि मागे दुधी काच. माझ्या काचेवर माणूस उलटा दिसतो, पाय वर आणि डोके खाली. त्यामुळे कुणीही समोर आले की मला आधी त्याचे पाय दिसतात. मोठ्या म्हणवणाऱ्या माणसांचे मला फारसे कौतुक का नाही, हे त्यावरून ओळखा.

मुंबईच्या एका सुताराने मला घडवले आणि जामसंड्याच्या विश्रामने मला घरी आणले. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचे फोटोचे दुकान होते. मागच्या अंधाऱ्या खोलीत त्याची बायको सरला फोटो उमटलेल्या काचा धुवायची. नवरा-नवरी, शाळेचे मास्तर, मुंबईला निघालेले चाकरमानी, सगळे माझ्यासमोर श्वास रोखून बसत. आमच्याकडची एक रीत होती. पाय कापलेला फोटो कुणी घेत नसे. अर्धा माणूस भिंतीवर कशाला लावायचा, म्हणत. म्हणून विश्राम काळ्या कपड्यात डोके खुपसायचा आणि पाय काचेवर येईपर्यंत मला घेऊन मागे मागे सरकायचा. मागे काय आहे हे त्याला दिसत नसे. एकदा तो असाच शेणाच्या खड्ड्यात गेला, पण नवरीचे पाय मात्र फोटोत आले. त्या दिवसांत मी फार सुखात होतो.

मग गोव्याच्या सत्याग्रहाचे दिवस आले. मुंबईच्या एका वर्तमानपत्राने विश्रामला सांगितले, सरहद्दीवरचे फोटो पाठव. आमच्या भागातून एक तुकडी निघाली, तिचे पुढारी होते भाई. भाईंचा आवाज खणखणीत, टोपी कडक इस्त्रीची. सगळ्या वाटेत त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले असतील, म्हणजे विश्रामला विचारले: फोटो कधी येणार आणि कुठल्या पानावर येणार.

इन्सुली गावाच्या पुढे, काजूच्या झाडीतून एक पायवाट जात होती. वाटेवर सरहद्दीचा चुना फासलेला दगड होता. पलीकडे पोर्तुगिजांचे राज्य. तुकडी दगडाशी थांबली. भाई दगडाच्या अलीकडे उभे राहिले, छाती पुढे काढून. त्यांचा चेहरा हवा तर फोटो काढणाऱ्याने समोर जायला हवे, आणि समोर म्हणजे पलीकडे. विश्राम मला खांद्यावर टाकून दगड ओलांडून गेला. भाईंच्या आधी गोव्यात पाऊल टाकले ते आम्ही दोघांनी.

"विश्राम, पाय येतत मां रे?" भाईंनी विचारले.

"नाय, भाई. गुडघ्यापर्यंतच येतत."

"मग मागे सर. पाय दिसूक होये. दगडय दिसूक होयो."

विश्राम मागे सरला. भाई म्हणाले, अजून मागे. तो अजून सरला. कपड्याखाली त्याला फक्त भाईंचे पाय दिसत होते. शेवटी दगड दिसला आणि दगडामागे भाईंच्या नव्या वहाणा दिसल्या. त्याने दुधी काचेच्या जागी फोटोची काच घातली आणि फोटो घेतला. त्याच क्षणी मागच्या झाडीतून पाखले, म्हणजे पोर्तुगीज शिपाई, धावून आले. माझाच काळा कपडा त्यांनी त्याच्या तोंडाला गुंडाळला आणि त्याला फरफटत नेले.

आणि भाई? दुधी काचेच्या जागी आता फोटोची काच होती, म्हणून मला ते उलटे दिसले नाहीत. पण भिंग वाटेकडेच होते. वाटेवर त्यांची एक वहाण तेवढी पडली होती.

तुकडीतून पुढे झाली ती एकटी हौसाबाई, इन्सुलीची भातशेती करणारी बाई. "मेल्यांनू, सोडा तेका! फोटो काढणारो तो!" असे ओरडत ती दगड ओलांडून आली. विश्राम तिच्या हाती लागला नाही, मी लागलो. तिने मला पायाला धरून अलीकडे ओढले, आणि दुसऱ्या दिवशी गाडीने जामसंड्याला सरलेकडे आणून दिले.

सरलेने ती काच रडत रडतच धुतली. फोटो छापून आला तर बोभाटा होईल, नवऱ्याला सोडतील, या आशेने तिने तो मुंबईला धाडला. छापून आला, पहिल्याच पानावर! पण गुडघ्याखाली कापून. पायही गेले आणि दगडही गेला. खाली लिहिले होते, 'गोव्याच्या भूमीवर भाईंचे पहिले पाऊल'. विश्रामचे नाव कुठे नव्हते. सरलेने विचारले तेव्हा वर्तमानपत्राने कळवले की तो आमचा पगारी माणूस नव्हे. पाऊल कापून पाऊल छापणाऱ्या त्या शहाण्यांना मी काय म्हणावे?

पलीकडचे पोर्तुगीज म्हणत होते की विश्राम हेर आहे. सरला भाईंकडे गेली. माझ्यातून निघालेला अख्खा फोटो तिने त्यांच्यापुढे धरला.

"भाई, तुम्ही एवढाच लिवून द्या. तो फोटो काढूक इल्लो आणि तुम्ही सांगितल्यात म्हणून मागे सरलो."

फोटोतल्या आपल्या पायांकडे बघून भाई एकदम शुद्ध बोलू लागले. "वहिनी, चळवळीत वैयक्तिक दुःख गिळावे लागते. तुमच्या त्यागाचा आम्हाला अभिमान आहे."

"माका अभिमान नको, भाई. माका माझो घोव होयो."

भाईंनी लिहून दिले नाही. दिले असते तर पहिले पाऊल कुणाचे, हेही लिहावे लागले असते. दुसरे कैदी सुटत गेले, कारण त्यांना आपले म्हणणारे कुणीतरी होते. विश्राम आत राहिला. दुकान बंद पडले. माझ्या भात्याला बुरशी आली, सरला पदराने पुसायची. मला तिचे फार वाईट वाटे.

गोवा मोकळा झाला तेव्हा विश्राम घरी आला. केस पांढरे, बोलणे कमी. सरलेने माझ्यासाठी नवा काळा कपडा शिवून ठेवला होता. तो त्याने हातात घेतला, डोक्यावर घेऊ लागला आणि खाली टाकला. त्या दिवसापासून त्याला काळ्या कपड्याखाली जाता येईना.

भाईंनी मात्र शाळेच्या पटांगणात त्याचा सत्कार ठेवला. हार झाले, भाषण झाले. मग भाई मोठ्या मायेने म्हणाले, "आता विश्रामच माझो फोटो काढतलो. तेच्या त्याच कॅमेऱ्यान." मला मैदानात उभे केले. भाईंनी छाती पुढे काढली.

"विश्राम, जरा मागे सर रे. पाय दिसूक होये."

विश्राम माझ्या बाजूला उघड्या डोक्याने उभा होता.

"मी आता मागे सरूचंय नाय, भाई," तो म्हणाला. "तुम्हीच सरा. तुमका तेची सवय आसा."

त्याने माझे पाय मिटले, मला खांद्यावर टाकले आणि सरलेबरोबर घरची वाट धरली. तो फोटो निघालाच नाही, आणि माझ्या आयुष्यातला मला आवडणारा फोटो तोच.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल, पण एक करा. वर्तमानपत्रात एखादा शूर माणूस छाती काढून उभा दिसला, तर त्याच्या समोर, त्याच्याही पुढे कोण उभा होता, ते विचारा. आणि तो घरी आला का, तेही विचारा.