घरफोड्याची कडी

मित्रांनो, माझ्यासमोर एक पितळी पाटी आहे : ‘वस्तूंना हात लावू नये.’ या पाटीचे पालन इतके चोख झाले, की त्यापायी एका सात वर्षांच्या मुलीचा जीव जायची वेळ आली. ते सांगतेच, पण आधी माझी ओळख.

मी एका जुन्या तबेल्याच्या दाराची कडी आहे. माझा जन्म एका घोड्याच्या चोरट्या सवयीमुळे झाला. शर्यतीच्या कागदांवर त्याचे नाव भलतेच भारदस्त होते. तबेल्यात सगळे त्याला घरफोड्या म्हणत. कुठलीही कडी तो ओठांनी उचलायचा, ओढायचा आणि शेजाऱ्याचा खुराक फस्त करून यायचा. तीन कड्या हरल्या, तेव्हा लोहाराने मला घडवले. माझी गंमत अशी, की आधी दार गुडघ्याने आत रेटायचे, तसेच धरून माझी मूठ वर उचलायची आणि मगच दांडा ओढायचा. घरफोड्या आतून छातीने ढकलायचा, तसतशी मी घट्ट बसायची. पहिल्या दिवशी तो तासभर माझ्याशी झटला आणि शेवटी दाराकडे पाठ करून उभा राहिला. एवढी मोठी शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

ही युक्ती फक्त त्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला येत होती. एका हातात बादली, दुसरा हात माझ्यावर आणि उजवा गुडघा दारावर. दिवसातून दहा वेळा, अशी एकोणीस वर्षे. रोज सकाळी तो मला तेलाचे बोट लावी. घरफोड्याने शर्यती जिंकल्या. करंडक मालकांनी नेले, हार स्वाराच्या गळ्यात पडले आणि मोतद्दाराच्या वाट्याला गुडघेदुखी आली. मला काहीच मिळाले नाही, पण मी कुरकुर केली नाही. लोखंडाला कुरकुर करायला आधी गंज चढावा लागतो.

तो पुढे चढलाच. घरफोड्या म्हातारा होऊन गेला, शर्यती बंद पडल्या, मोतद्दार घरी बसला. बारा वर्षे मला कोणी शिवले नाही. मग तबेल्याचे संग्रहालय झाले. रंगाऱ्याने माझ्यावर काळ्या चकचकीत रंगाचे तीन हात दिले, अगदी सांध्यांतसुद्धा. कडी लागते का, लागली तर निघते का, हे कोणी पाहिले नाही. आत प्लास्टरचा घोडा उभा केला आणि त्याच्या पायांशी खरे वाळलेले गवत पसरले.

मागे एका रविवारी एक म्हातारा काठी टेकत आला. सोबत नात. त्याने हात पुढे केला आणि मी त्याला ओळखले.

“आजोबा, हात मागे,” पहारेकरी म्हणाला. “पाटी वाचता येत नाही का?”

“येते हो. पण हिची माझी जुनी ओळख आहे.”

“सगळे असंच म्हणतात.”

त्याने निमूट हात खिशात घातला.

“आबा, हाच का घरफोड्या?” नातीने विचारले.

“छे गं! हा फारच सज्जन दिसतोय.”

तेवढ्यात व्यवस्थापक साहेब आले. मागे छायाचित्रकार, त्याच्याकडे उंच दांड्यावरचा, चटका देणारा दिवा. “ये बाळ, घोड्याशेजारी उभी राहा,” साहेब म्हणाले. “पेपरात फोटो येईल.” नात आत गेली, दिवाही आत गेला. “आता दार लावू या. बंद दार कसं ऐतिहासिक वाटतं.”

“साहेब, ती लावू नका, तिची एक...”

“आजोबा, फोटोत येताय. सरका.”

साहेबांनी दोन्ही हातांनी मला रेटले. मी खाचेत बसले ती रुतूनच. दाराच्या वरच्या भागात गज आहेत. त्यांतून फोटो निघाला. मुलगी हसत मागे सरली, वायरीत तिचा पाय अडकला आणि दिवा तोंडावर गवतात पडला.

आधी धूर आला. मग घोड्याच्या खुराशी ओंजळभर जाळ.

साहेब मला ओढू लागले. मी हलेना. मित्रांनो, मी आतल्या आत किती जोर केला म्हणून सांगू! पण रंग सांध्यांत दगडासारखा बसला होता.

“आबा!” मुलगी गज धरून खोकत होती.

“दार तोडू का?” पहारेकऱ्याने विचारले.

“तोडू? ऐतिहासिक दार आहे ते! वरून परवानगी लागते!”

पहारेकरी आग विझवण्यासाठी टांगलेल्या लाल बादल्यांकडे धावला. त्या रिकाम्या होत्या. त्यांच्यावरही पाटी होती.

म्हाताऱ्याने काठी टाकली. “व्हा बाजूला.”

“अहो, हात...”

“पाटी नंतर वाचू, साहेब.”

त्याने उजवा गुडघा दारावर मारला, कळवळला आणि माझी मूठ उचलली. रंग सुटला नाही. त्याने खिशातून छोटी बाटली काढली. डॉक्टरांनी दिलेले गुडघ्याचे तेल होते ते. सगळीच्या सगळी माझ्यावर ओतली. “चल गं बाई,” तो पुटपुटला, “म्हातारपणी हट्ट नको.”

आतून आता खोकला येत नव्हता.

त्याने पुन्हा गुडघा मारला, या वेळी सगळे अंग टाकून. कट्‌ असा आवाज झाला. गुडघ्याचा की माझा, कळले नाही. रंगाची खपली उडाली, मूठ वर आली, दांडा सरकला. पहारेकरी आत घुसला, त्याने मुलीला बाहेर आणून म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवले आणि परत जाऊन बुटांनी जाळ तुडवून विझवला.

कितीतरी वेळ म्हातारा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग ती एकदम खोकली, तिने डोळे उघडले, नाक वर केले. “आबा, कडीला तुमच्या गुडघ्याचा वास येतोय.”

साहेब माझ्याकडे बघत होते. “रंग गेला हो,” ते म्हणाले. मग खाली मान घालून, “परत लावायचा का?”

“रंग नको,” म्हातारा म्हणाला. “तेल आणा.”

मित्रांनो, जुन्या वस्तू पाहायला जाल तेव्हा पाटीचा मान जरूर राखा. पण ज्याने ती वस्तू आयुष्यभर हाताळली, त्याचे ऐकल्याशिवाय तिला चकचकीत करू नका. आम्हाला चमक नसली तरी चालते. हलता आले पाहिजे.

पाटी अजून आहे. पण दर सोमवारी संग्रहालय बंद असते, तेव्हा साहेब स्वतः म्हाताऱ्यासाठी खुर्ची आणून ठेवतात. तो बाटलीतले अर्धे तेल मला लावतो, अर्धे गुडघ्याला. मग उठतो, दार रेटतो, मला उघडतो. नात कान देऊन उभी असते. कोण कुरकुरले, हे तिला अजून ओळखता आलेले नाही.