टाकीतला चहा

सासऱ्याला 'मामा' म्हणायची पद्धत ज्याने काढली त्याला सख्खा मामा नसावा. असता, तर हा शब्द आधीपासून वापरात आहे हे त्याच्या लक्षात आलं असतं. मी तो सव्वीस वर्षं वापरतोय. त्यातली सात वर्षं मामाच्या बोटीवर, इंजिनघरात, कंबरेत वाकून. आता सकाळी धक्क्यावरून "मामा!" अशी हाक येते, मामा लगेच "ओ!" म्हणतो, आणि ती हाक माझी नसते.

ती दाजींची असते.

दाजी म्हणजे मामाच्या मुलीचे, माझ्या ताईचे यजमान. वयाने माझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान, पण नात्याने मोठे. म्हणून मी त्यांना अहो-जाहो करतो आणि ते मला 'मेहुणे' म्हणतात. ते अत्तराच्या दुकानात कामाला होते. दुकान बंद पडलं. ताईने मामाला विचारलं, तर मामा म्हणाला, "मग पाठव की बोटीवर." जणू अत्तराच्या दुकानातून निघालेला माणूस सरळ डिझेल इंजिनावरच येतो, मधे कुठे थांबतच नाही.

बोट चाळीस माणसं या काठावरून त्या काठावर नेते. दिवसाला आठ फेऱ्या. सुकाणूही मामाचं आणि इंजिनही मामाचं, पण चार महिन्यांपूर्वी मामाचे गुडघे गेले. इंजिनघरात उतरायला अडीच फुटांची झडप आणि सहा पायऱ्यांची उभी शिडी. म्हणून आता मामाने जाहीर केलं की येत्या एक तारखेपासून तो फक्त सुकाणू धरणार आणि इंजिनघर एकाच्या हातात देणार. "एकाच्याच," तो म्हणाला. सात वर्षं या पदाला मी एकटाच उमेदवार होतो. दाजी आले आणि निवडणूक लागली.

आमच्या कामाची अडचण एका वाक्यात सांगतो. डिझेल इंजिनाला पाणी चालत नाही, आणि बोट पाण्यात असते. बाकीचं सगळं काम म्हणजे या दोघांची गाठ पडू न देणं. टाकीत रिकामी जागा राहिली की रात्रीच्या गारठ्यात तिला आतून घाम फुटतो, म्हणून टाकी रोज संध्याकाळी गळ्यापर्यंत भरायची. तरीही पाणी शिरतंच. ते डिझेलपेक्षा जड, तळाला बसतं. जे पुढे सरकतं ते इंजिनाच्या आधी एका फिल्टरमध्ये अडतं. त्या फिल्टरची खालची चावी रोज सकाळी उघडून कॉफीच्या रिकाम्या बरणीत थोडं डिझेल काढायचं आणि उजेडात धरायचं. पाणी असेल तर खाली पाणी, वर डिझेल, मधे रेघ. मग मामा वरून ओरडतो, "किती?" आणि मी खालून सांगतो. "रेघ नाही!" किंवा, "एक बोट!"

बोट म्हणजे हाताचं. दाजींना हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी "एक बोट!" म्हणालो आणि दाजी लाइफ जॅकेट घालून धक्क्यावर उभे राहिले. "मामा, एक बोटभर पाणी शिरलंय, तुम्ही आधी उतरा!"

मी पोट धरून हसलो. मामाही हसला, पण वेगळं हसला. "जावईबापू मोठे विनोदी आहेत," तो म्हणाला. ते विनोद करत नव्हते, घाबरले होते. मी सात वर्षं त्या बोटीवर विनोद करतोय. मला मामा फक्त "काम कर" म्हणतो.

तिसऱ्या दिवशी दाजींनी बरणी हातात घेतली, पण उजेडात धरली नाही. डोळे मिटून हुंगली.

"दाजी, पाण्याला वास नसतो," मी म्हणालो.

"म्हणूनच तर कळतं, मेहुणे. डिझेलच्या वासाला जिथे भोक पडतं तिथे पाणी." त्यांनी आणखी एकदा हुंगलं. "अर्धं बोट."

मी बरणी उजेडात धरली. अर्धं बोट.

वरून मामा म्हणाला, "वा!"

मला सात वर्षांत एकदाही 'वा' मिळालेला नाही. मला 'बरं' मिळतं. त्या दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं, अगदी खरोखरीचं, उजव्या बाजूला. मामीने गोळी दिली. "काय खाल्लंस?"

"काही नाही."

"मग काय बघितलंस?" मामी म्हणाली, आणि दुसरी गोळी दिली नाही.

पुढच्या आठवड्यात मामाने मला सांगितलं, "जावईबापूंना टाकीचं झाकण शिकव." डेकवर, पायाखाली, टाकीचं पितळी झाकण आहे. त्याला खालून रबरी वायसर. सगळी कला त्या वायसरात. त्याला ग्रीसचा पातळ हात द्यायचा, झाकण हातानेच फिरवायचं आणि बसलं की थांबायचं. पाना लावायचा नाही. जास्त आवळलं तर रबर चिरतं, आणि मग डेक धुतलेलं पाणी, वरून उडालेलं पाणी, सगळं थेट टाकीत.

मी दाजींना मोठा पाना दिला. म्हणालो, "जोर लावा, दाजी."

माणूस आज्ञाधारक. दोन्ही हातांनी लावला. संध्याकाळी गुपचूप वायसर बदलून टाकायचा आणि वर दाजींची चूक मामाला दाखवायची, असा माझा बेत होता. पण संध्याकाळी परत येताना मामाने दाजींना पाच मिनिटं सुकाणू धरायला दिलं. मला सात वर्षांत सुकाणू फक्त पुसायला मिळालंय. त्यानंतर रोज संध्याकाळी टाकी भरायला झाकण मीच उघडत होतो, पण वायसर नावाची वस्तू जगात आहे हेच मी विसरलो. पुढचे तीन दिवस डेक मात्र नेमाने धुतला. बादल्या भरभरून.

एक तारखेला चार दिवस उरले. आता त्या नाकाचं काहीतरी करायलाच हवं होतं.

मी असा विचार केला: बरणीत सगळंच पाणी असेल तर रेघ दिसणारच नाही. रेघ पडायला दोघं लागतात. दाजी म्हणणार, "रेघ नाही." मग मी मामासमोर बरणी ओतून दाखवणार की अख्खी बरणी पाणी होतं, आणि म्हणणार, "दाजी, नाकाने कांदे सोलता येतात, इंजिन चालवता येत नाही." हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. फक्त रंग जुळायला हवा होता. म्हणून सकाळी बरणी साबणाने धुतली, पाणी भरलं आणि माझ्या कपातला बिनदुधाचा चहा थेंबथेंब टाकला. हुबेहूब डिझेल. इतकं बारीक काम मी इंजिनाचंही कधी केलं नव्हतं.

इंजिन बंदच होतं. धोका कोणालाच नव्हता, दाजींच्या इभ्रतीशिवाय.

दाजींनी बरणी घेतली. डोळे मिटले. हुंगलं. डोळे उघडले. परत हुंगलं.

"किती?" मामा वरून ओरडला.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं आणि खऱ्या माणसाने जे करावं तेच केलं. "मामा, चहा!"

"आत्ताच झाला की!"

"तसं नाही मामा! टाकीत चहा आहे!"

मग शिडीवर पाय दिसला. चार महिन्यांनी मामा खाली उतरत होता. प्रत्येक पायरीला एकेक गुडघा वाजत होता, मी मोजत होतो. त्याने बरणीत बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"चहाच आहे," मामा म्हणाला. तीस वर्षांचा अनुभव त्याच्या चेहऱ्यावर होता आणि त्यातला काहीच कामाला येत नव्हता.

"बिनदुधाचा," दाजी म्हणाले. "साखर कमी."

हीच वेळ होती. मी तोंड उघडलं.

"फेऱ्या बंद," मामा म्हणाला. "टाकी उपसा."

मी तोंड मिटलं.

धक्क्यावर पहिल्या फेरीची माणसं जमली होती. पुढे उभ्या असलेल्या एका मावशींनी विचारलं, "काय झालं हो?"

"अडचण आलीय," मामा म्हणाला.

"कसली?"

"चहाची."

"मग पिऊन घ्या पटकन, आम्ही थांबतो."

तीनशे लिटर. हातपंप. पंप मी मारला, दाजी इंजिनघरातूनच टाकीत नळी पातळीबरोबर खाली सोडत पिंपं सरकवत होते. पिंपात पडणारा प्रत्येक थेंब चांगल्या डिझेलचा आहे हे त्या बोटीवर एकट्या मला माहीत होतं. दोन तास मी हे गुपित दोन्ही हातांनी वरखाली करत होतो.

मग पंपाचा आवाज बदलला. दाजींनी नळीखाली बरणी धरली, आणि बरणीत रेघ पडली. खाली गढूळ, वर पिवळं. पुढची बरणी नुसतीच गढूळ. त्याच्या पुढचीही. टाकीच्या तळाला चार बोटं पाणी होतं. खरं पाणी. त्यात चहाचा अंशही नव्हता.

मामाने डोक्यावरची टोपी काढली. "इंजिनाकडे जाणारी नळी चार बोटं वरून डिझेल ओढते," तो हळू म्हणाला. "म्हणून फिल्टरला अजून काही पोचलं नव्हतं. आज वारा आहे. मधे गेल्यावर बोट हलली असती, तळातलं सगळं एकदम इंजिनात. भर पाण्यात बंद पडलो असतो. चाळीस माणसं घेऊन."

मी रिकामा पंप मारत राहिलो.

मामाने दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, तुमच्या नाकाने आज बोट वाचवली."

नाकाने! त्या नाकाने चहा ओळखला होता. चहा माझा होता. कप माझा, कमी साखर माझी.

मग पाणी कुठून आलं ते बघायला मामा वर गेला आणि त्याने झाकण उघडलं. वायसर दोन जागी चिरलेला. दाजींनी तो हातात घेतला, माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मामा, झाकण मी पान्याने आवळलं होतं. चूक माझी."

पाना कोणी दिला हे ते बोललेच नाहीत. मामाचे डोळे भरून आले. "चूक कबूल करायला छाती लागते," तो म्हणाला.

नाक त्यांच्याकडे होतंच. आता छातीही त्यांच्याकडे गेली.

"पाना मी दिला!" मी ओरडलो. "त्यांनी नुसता फिरवला!"

"मेहुणे, असू दे—"

"का असू दे? चूक माझी आहे! पूर्ण!"

"हात माझे होते, मामा," दाजी म्हणाले.

"हात काय, कोणाचेही असतात! डोकं माझं होतं!" मला आता थांबता येत नव्हतं. "आणि चहाही माझाच!"

"कुठला चहा?" मामाने विचारलं.

मी सगळं सांगितलं. साबण, कप, थेंबथेंब, आरसा. काही म्हणजे काही गाळलं नाही, कारण काहीही गाळलं तर त्याचं श्रेय दाजींना जाईल अशी भीती होती. शेवटी म्हणालो, "म्हणजे मामा, खरं बघायला गेलं तर पाणी मी शोधलं."

धक्क्यावरून त्या मावशी म्हणाल्या, "अहो, झाला का चहा?"

मामाने दाजींच्या हातातला चिरलेला वायसर घेतला आणि खिशात टाकला. मग म्हणाला, "इंजिनघर जावईबापूंचं."

"मामा, त्यांना काहीच येत नाही!"

"म्हणून तू शिकवायचं. तुला येतं ते सगळं. काही मागे ठेवायचं नाही."

"आणि मी?"

"त्यांच्या हाताखाली."

"सात वर्षं, मामा."

"सात वर्षं तू खालून जे सांगशील त्यावर मी बोट सोडली," मामा म्हणाला. "खरं की खोटं, एकदाही उतरून बघितलं नाही. आज बघावं लागलं."

'वा' का मिळत नव्हतं ते मला तेव्हा कळलं. मामाने मला ते रोज सकाळी, बोट सोडून, दिलं होतं. आणि मी ते चार थेंब चहात बुडवलं होतं.

"मामा, माझं ऐका," दाजी म्हणाले, "मेहुण्यांना—"

"तुम्ही बोलू नका, जावईबापू. याला अजून त्रास होईल."

दुपारी मी आणि दाजी डेकवर गुडघ्यांवर बसलो, मधे उघडी टाकी. मी नवा वायसर दिला. खोबण आधी कोरड्या फडक्याने पुसायची, सांगितलं. ग्रीस किती, दाखवलं. पाना मी स्वतःच दूर ठेवून आलो.

"बसलं हे कळायचं कसं?" दाजींनी विचारलं.

इथे मला थांबता आलं असतं. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. ती हाताला सापडायला दोन वर्षं लागली होती, आणि मामालाही ती शब्दांत सांगता येत नाही.

"एका जागी झाकण तुम्हाला उलट ढकलतं," मी म्हणालो. "अगदी हलकं. झोपेत कोणी कूस बदलावी तसं. तिथेच सोडायचं. केसभर पुढे नाही."

दाजींनी डोळे मिटले. झाकण फिरवलं. थांबले. हात काढला.

मी झाकणावर बादलीभर पाणी ओतलं, थोडं थांबलो, फडक्याने पुसून उघडलं. आतून कोरडं. त्यांना परत लावायला लावलं. दुसरी बादली. कोरडं. परत. तिसरी बादली जरा उंचावरून ओतली. कोरडं.

"बसलं का, मेहुणे?"

"बसलं," मी म्हणालो, आणि चौथी बादली भरायला गेलो.