जुडीवरचं नाव

किनुयोनं हात नाकाशी नेले. हातांना वासच नव्हता.

सकाळभर निरा नावाची पातीची भाजी कापून जुड्या बांधल्या की लसणासारखा तो उग्र वास संध्याकाळपर्यंत बोटांना चिकटून असतो, हात साबणानं तीनदा धुतले तरी जात नाही. आज नुसतं गवत. शेगडीवर मिसो सूप उकळत होतं, शेजारी उरलेली पात चिरून ठेवली होती. तिनं ती चुरगाळून हुंगली. काही नाही!

ती तशीच बांधावर धावली. निराच्या वाफ्याला लागूनच तिच्या नवऱ्यानं, तेइझोनं, नर्गिसाचे कांदे लावले होते. "फुलं काय शिजवून खायचीत?" म्हणून तिनं तेव्हा त्याला चांगलं फैलावर घेतलं होतं. गेल्या हिवाळ्यात तो गेला, आणि ते कांदे उपटायला तिचा हात धजला नाही. फूल येईपर्यंत दोन्हींची पात सारखीच दिसते. कडेची नर्गिसं बुडापासून साफ कापलेली होती. आणि नर्गिस म्हणजे विष, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

दहा जुड्या! हायवेवरच्या थांब्यातल्या दुकानात, गावच्या मालाच्या फळीवर, प्रत्येकीवर तिचं नाव आणि फोटो.

छोटा ट्रक तिनं कसा हाकला तिलाच ठाऊक. फळीवर चारच उरल्या होत्या. त्या पोटाशी धरून ती व्यवस्थापक कुरोसेकडे गेली, आणि ऐकून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आजी, हळू बोला हो. बाहेर दोन बसगाड्या उभ्यात. या गुपचूप उचलू, म्हणजे झालं."

"आणि सहाजणांनी नेल्यात, त्यांनी काय गुपचूप मरायचं?"

"अहो, तुमचंच नाव जाईल! पुन्हा कुणी तुमच्या मालाला हात लावणार नाही."

"जाऊ दे गेलं तर. लाव फोन गावच्या कचेरीत, कर्ण्यावरून सांगते मी."

खांबाखांबावरच्या कर्ण्यांतून रोज पाचला गाणं वाजायचं आणि कधीमधी भूकंपाचा इशारा यायचा. आज तिथून किनुयोचा चिरका आवाज सगळ्या खोऱ्यात घुमला. "मी किनुयो. आज माझ्या नावाची निरा नेली असेल तर खाऊ नका. ती नर्गिस आहे. चूक माझी आहे." इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. तरी तिनं तेच तीनदा सांगितलं.

तासाभरात तिघं जुड्या परत घेऊन आले, दोघांचे फोन आले. कुणी खाल्लं नव्हतं. सहावीचा मात्र पत्ता नव्हता.

"ती सेत्सुआजींनी नेली," गल्ल्यावरची बाई म्हणाली.

"सेत्सुनं? तिच्या परसात निरा माजलीय. ती कशाला विकत घेईल?"

बाईनं मान खाली घातली. "तेइझोआजोबा गेल्यापासून रोज एक नेतात. संध्याकाळी उरलेला माल तुम्हाला एकटीनं परत न्यावा लागतो ना, ते त्यांना बघवत नाही. सांगू नकोस म्हणाल्या होत्या."

सेत्सु! शेजारच्या फळीवर मोची नावाचे तांदळाचे लाडू मांडणारी, येताजाता किनुयोशी भांडणारी सेत्सु. आणि कानानं ठार बहिरी व्हायला आलेली. कर्णा तिला काय ऐकू येणार!

किनुयोनं अॅम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं आणि ट्रक सुसाट सोडला. दार उघडंच होतं. सेत्सु मोरीपाशी भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक, पुढ्यात घमेलं. ओट्यावर अंडं घातलेली पात अर्धी संपली होती.

किनुयोनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडत रडतच तिच्या कानाशी ओरडली, "अगं मूर्ख बाई, तुला वासावरून नाही का कळलं? त्याला वासच नव्हता!"

"कळलं होतं की," सेत्सु धापा टाकत म्हणाली. "टाकूनच देणार होते. मग जुडीवर तुझं नाव दिसलं. म्हटलं, माझंच नाक म्हातारं झालं असेल."