मंगळवारची बाटली

मला काही विसरायला होत नाही. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलीत; डोकं अजून शाबूत आहे. तरी दर मंगळवारी मी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून माशाच्या तेलाच्या गोळ्यांची बाटली घेते. साठ गोळ्या, रोज एक. म्हणजे दोन महिने पुरायला हव्यात, हे मलाही कळतं! पण बाटली घेतली की दहा मिनिटं बोलायला मिळतं. तो विचारतो, "काकू, मेंदू काय म्हणतोय?" मी म्हणते, "ढेकर देतोय मेला, माशाचे." तो खो खो हसतो. बाकी आठवडाभर माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या दवाखान्यात म्हाताऱ्यांची फुकट तपासणी निघाली. म्हटलं, डोकं ठीक असल्याचा कागद मिळतोय तर घेऊ. डॉक्टरीणबाई अगदीच पोरगेली. तिनं पाच शब्द सांगितले, मी पाचही धडाधड परत म्हटले, वर तिच्या फॉर्मवरची चूकही काढून दिली: 'स्मृतिचाचणी'तल्या 'ति'ला पहिली वेलांटी हवी. गोळ्यांबद्दल ती म्हणाली, "घ्या हवं तर, पण त्यानं स्मरणशक्ती टिकते असं खात्रीनं नाही सांगता येत." मग म्हणाली, "तुम्हाला नेहमी भेटणारं कोणीतरी आणा, आजी. त्यांनाही चार प्रश्न विचारायचेत."

नेहमी भेटणारं! मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा रविवारी फोन करतो, तोही घड्याळ लावून. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि केमिस्टला विचारलं. बिचारा दुपारी शटर ओढून आला.

"यांच्यात काही बदल जाणवतो?" तिनं त्याला विचारलं.

तो चुळबुळला. "काकू, रागावू नका हं. त्या दर आठवड्याला तीच बाटली नेतात. आधी वाटलं, कोणाला पाठवत असतील. मग वाटलं, विसरतच असतील. वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "असं होतं का, आजी?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या दोघांसमोर काय म्हणू? बोलायला माणूस नाही म्हणून औषधं विकत घेते? माझी कानशिलं तापली. विसरभोळी म्हणा, वेडी म्हणा, पण कीव नको.

"होतं खरं," मी म्हटलं. "विसरते."

तिनं लिहून घेतलं.

केमिस्टनं हात धरून मला रस्ता ओलांडून दिला. दुकानात जाऊन कॅलेंडरवर दोन महिन्यांनंतरच्या तारखेला ठळक गोल केला.

"आता तुम्ही काही लक्षातच ठेवू नका, काकू. तारीख आली की बाटली घरपोच पाठवतो. इथवर चालत यायचीसुद्धा गरज नाही."

"बरं झालं बाई," मी म्हटलं, "खेप वाचली."

इतका चांगला माणूस, की त्याच्याशी भांडताही येईना.