लाल बिल्ला कुणी लावायचा?

मित्रांनो, माझ्या अंगावरचा गंज बघून नाकं मुरडू नका बरं! मी बिल्ले ठोकणारा जुना साचा आहे, वय सत्तरीपलीकडचं, जन्म अमेरिकेतल्या ओहायोचा. पत्र्याची चकती ठेवायची, वर चित्राचा कागद, दांडा खाली ओढला की बिल्ला तयार.

कामाचे दिवस काय सांगू! निवडणूक आली की सकाळी हत्तीवाल्या रिपब्लिकनांचे बिल्ले, दुपारी गाढववाल्या डेमोक्रॅटांचे. दोघांनाही वाटायचं, मी त्यांचाच. मी मुकाट्यानं दोघांचं ऐकायचो. त्या देशाच्या घटनेत पक्षांचा साधा उल्लेखसुद्धा नाही. पहिल्या राष्ट्राध्यक्षांनी तर जाता जाता बजावलं होतं, गटबाजीपासून जपा. पण केंद्र सरकारला बळ किती द्यायचं यावरून माणसं भांडली आणि पक्ष झालेच. काही मेले, काही नवे जन्मले, उरलेल्यांनी मतंही बदलली आणि मतदारही. उमेदवार निवडणं, लोकांना मतदानाला घराबाहेर काढणं, सत्तेवरच्याला जाब विचारणं, हे सगळं पक्षांच्या गळ्यात पडलं. रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे, हे मात्र अगदी अलीकडचं.

पुढे मला कुणी विचारेना. शशिधर नावाच्या मराठी इंजिनिअरनं मला जुन्या बाजारातून उचललं आणि इंग्लंडात मेडनहेडला आणलं. तिथे गॅरेजमध्ये गवत कापायच्या मशीनशेजारी वीस वर्षं धूळ खात पडलो. फार वाईट वाटायचं हो.

यंदा त्यांच्या मुलीनं, ईरानं, मला पुसून काढलं. ती कार्डिफला राजकारण शिकते. लंडनमधल्या वेम्बलीच्या त्यांच्या बुद्धविहारात कमिटी निवडायची रीत सोपी होती. अध्यक्ष दादासाहेब नावं वाचायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. ईराला खरं मतदान हवं होतं.

"मतदान आलं की दोन गट पडतात, बाळ," दादासाहेब म्हणाले. "किती कष्टानं एकत्र आलोय आपण. तू एकदा खोटी निवडणूक करून दाखव. भांडण झालं तर हा विषय कायमचा बंद."

ईरानं अमेरिकेसारखे दोन पक्ष केले. रविवारचं प्रवचन इंग्रजीत हवं म्हणणारे निळे, मराठीत हवं म्हणणारे लाल. मी दिवसभर बिल्ले ठोकले आणि कुठला रंग कुणाचा, ते ईरानं दारातल्या पाटीवर लिहिलं. पण रविवारी काय झालं? निळा म्हणजे आपला रंग! 'जय भीम' म्हणत येणारा प्रत्येक जण पाटी न वाचताच निळा बिल्ला लावून बसला. लाल ढीग जसाच्या तसा.

"आता डिबेट कशी होणार? दुसरी पार्टीच नाही!" ईराचे डोळे भरून आले.

"बघ, आपल्यात एकमतच असतं," दादासाहेब खुशीत म्हणाले.

तेवढ्यात भीमाबाईंनी चष्मा लावून पाटी वाचली. आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होत्या, कुणाला घाबरायच्या नाहीत. "अगं बाई, निळा म्हणजे इंग्रजी होय? मग माझं मत तिकडे नाही." त्यांनी निळा बिल्ला काढून जपून पर्समध्ये ठेवला आणि लाल लावला. "अहो दादासाहेब, पाटी वाचली का तुम्ही? रंग आपला आहे, पण मतही माझं स्वतःचं आहे."

दादासाहेबांनी पाटी वाचली. मग गुपचूप लाल बिल्ला उचलला. पाठोपाठ अर्धा हॉल उठला. तासभर असा वाद रंगला म्हणता! नातवंडं आजोबांना अडवत होती आणि आजोबा ऐकून घेत होते. शेवटी इंग्रजी थोडक्यात जिंकली.

"जिंकलात ना? मग मी पहिल्या रांगेत बसणार," भीमाबाई म्हणाल्या. "समजलं नाही की हात वर करणार."

सगळे हसले आणि जेवायला एकाच पंगतीत बसले. दादासाहेब मात्र ईराजवळ थांबले.

"वार्षिक सभेला मतपेटी ठेवू," ते म्हणाले. "पण टाळ्या मिळवायची मला सवय लागलीय, ती मोडायला कुणीतरी हवं. तू अध्यक्षपदाला उभी राहा. माझ्याविरुद्ध."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या साच्याला अधूनमधून तेल घाला. आणि तुमच्या विरुद्ध बोलणारं माणूस भेटलं तर त्याला जपा, जवळची खुर्ची द्या.