दाराआडचा आवाज

लोक म्हणत, कडूबा सिनेमात बोलाच्या आधी असा थांबते ना, तितंच काळजाचं पाणी होते. अन् खरी गोष्ट अशी का तो थांबे नीळकंठमास्तरसाठी.

मास्तर मोताळ्याच्या शाळेत होते, नाटकं बसवत. कडूबा वांगे-मिरच्या लावणारा माणूस, वाचता येत नव्हतं. पह्यल्याच नाटकात मास्तर पडद्याआडून वाक्य सांगत, कडूबा ते ऐके अन् मंग बोले. मास्तर कोल्हापूरले जाऊन सिनेमे काढाले लागले, कडूबाले संगं घेऊन गेले, तरी रीत तीच. बाकीचे डायरेक्टर कॅमेऱ्यापाशी उभे राह्यत. हे भिंतीमागं, बैलगाडीखाली, एकदा तं कडब्याच्या गंजीत घुसून बसले होते. बाहेरच्या शूटिंगचा आवाज मागून स्टुडिओत भरत, म्हणून जमे. वाक्य देण्याच्या आधी मास्तर एक दम घेत, कडूबाचा कान त्या दमावर. लोकाइले दिसे ते थांबणं हेच. एकदा मिशीवरून दोघाइचं भांडण झालं, बोलणं बंद. पण शॉट लागला का मास्तर आडोशाले जाऊन बराबर वाक्य देत, अन् शॉट संपला का तोंड फिरवत.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तवाची गोष्ट. शूटिंग धामणगाव बढ्यात, आपल्याच मुलखात. शीन असा का म्हातारा कडूबा रुसलेल्या भावाच्या बंद दारापुढं उभा राह्यते अन् म्हणते, भाऊ, दार नको उघडू, मी आलतो एवढं ध्यानात ठेव. दाराआड मास्तर. पण मास्तरचा आवाज बसला होता, धुळीनं बसला म्हणत होते, अन् कडूबाले काहीच ऐकू येईना. मंग असिस्टंट लक्ष्मीकांतले बसवून पाह्यलं. त्यानं वाक्य धडाधडा देल्लं, अन् कडूबा पोपटावानी बोलला. फिल्म वाया. मास्तर चिडले, पुन्हा सोताच दाराआड जाऊन बसले.

जेवणाच्या सुट्टीत मास्तरची बायको, शारदावहिनी, एसटीनं आली. ती मास्तरकडं गेलीच नाही, सरळ लिंबाखाली कडूबापाशी आली. मास्तरच्या गळ्यात गाठ आहे म्हणे. नागपूरचे डॉक्टर म्हणतात आत्ताच्या आत्ता कापा, आवाज जाईल पण माणूस राहील. अन् मास्तर ऐकून नाही राह्यले.

"ते म्हणतात, माझा आवाज गेला तर कडूबा कसा उभा राहील," वहिनी बोलली. "कडूबाभाऊ, तुम्हीच काय ते करा."

कडूबानं भाकर फडक्यात बांधून ठेवली. सांगून ऐकतीन ते मास्तर कशाचे. आपल्याच पायी हा माणूस मरून राह्यला, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

सुट्टी संपली. कडूबा दाराआड गेला अन् मास्तरचा हात धरून त्याइले उठवलं.

"मास्तर, आज तुम्ही समोर बसा. कॅमेऱ्यापाशी."

"का रे?" आवाज असा का जसं पत्र्यावर पत्रा घासला.

"मले पाठ आहे."

"तुला कधी पाठ होतं?"

"पह्यल्या नाटकापासून. तुम्ही आदल्या दिवशी वाचून दाखवता ना, तवाच होऊन जाते."

"मग इतकी वर्षं मी आडोशाला कशाला बसत होतो?"

"बरं वाटे," कडूबा म्हणाला. "म्हणून सांगतलं नाही."

मास्तर समोर जाऊन बसले. कॅमेरा सुरू झाला. कडूबानं दारावर हात ठेवला अन् डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याले दिसलं, सवयीनं मास्तरची छाती वर आली, त्याइनं दम घेतला. आता थांबलो तं हा माणूस नागपूरले जात नाही, कडूबाले कळलं. तो थांबला नाही. दम पुरा व्हायच्या आधीच बोलून मोकळा झाला.

शीन कोरडा गेला. साऱ्याइले समजलं. लक्ष्मीकांत पुन्हा घ्याच्या तयारीनं मास्तरकडं पाहू लागला. असा शॉट मास्तरनं कधी पास केला नव्हता, दिवस मावळेपर्यंत करून घेतला असता. कडूबा दारापाशीच उभा. मास्तरनं त्याच्याकडं पाह्यलं. मंग म्हणाले, "झालं. पुढचा घ्या."

अन् उठून शारदावहिनीपाशी गेले, मलकापूरहून नागपूरची गाडी कवा आहे ते इचारलं.

पुढच्या साली तो सिनेमा मलकापूरच्या टाकीजले लागला. दोघं संगं पाहाले गेले. सुटल्यावर दारात गर्दी, अन् एक म्हातारा कडूबाले म्हणाला, समदं चांगलं केलं बापा, पण भावाच्या दारात तू घाई केली. बाजूले मास्तर उभे. त्याइनं तोंड उघडलं, काहीतरी सांगाचं होतं, पण आवाज कुठला.

कडूबानं त्याइच्या खांद्यावर हात ठेवला.

"हाव," तो त्या म्हाताऱ्याले म्हणाला, "केली."