जिभेवरच्या मुंग्या

मी खलबत्ता बोलतोय. बोलतोय कसला, सकाळपासून नुसता घणघणतोय. माझ्या पोटात अजून तिरफळाचा वास आहे आणि झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये.

मी ओतीव लोखंडाचा, चांगला वजनदार. मालननं मला कल्याणच्या बाजारात वाजवून पारखून घेतलं आणि डोंबिवलीच्या घरी आणलं. तिचं माहेर कोकणातलं. बांगड्याच्या तिखल्यात, म्हणजे माशाच्या झणझणीत कालवणात, तिरफळ नसेल तर ते तिच्या घशाखाली उतरायचं नाही. मिरीसारखं झोंबणारं हे फळ सुकलं की त्यातली काळी बी काढून टाकायची आणि सालं तेवढी माझ्यात ठेचायची. बी राहिली की तिखलं कडू झालंच म्हणून समजा.

लेक संचिता सहा वर्षांची असताना मालन गेली. तिच्या नवऱ्यानं, तानाजीनं, मला जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. एकदा शेजारणीनं सुंठ कुटायला मला मागितलं, तर म्हणाला, "राहू दे वहिनी. त्याचा आवाज मला ऐकवत नाही." मला त्याचा भयंकर राग आला. पंचवीस वर्षं गंज आणि राग दोन्ही चढत राहिले.

संचिताचं लग्न झालं, टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये घर झालं, आणि सामानाबरोबर मीही तिथे गेलो. काम काय, तर वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून त्याला टेकून बसायचं. माझ्यासारख्यानं दार अडवायचं, सांगा!

तिथेच बसून मी एकदा ऐकलं. संचिता नवऱ्याला सांगत होती, "सगळे म्हणतात आई अशी होती, तशी होती. मला तिचं काहीच आठवत नाही रे विनीत. फोटो बघितला तरी दुसऱ्याच कुणाची आई वाटते." अगं, मला विचार, असं ओरडावंसं वाटलं. पण कुणी घाव घातल्याशिवाय मला आवाज नाही.

आज विनीतच्या मावशीनं गावाहून पाठवलेली तिरफळं निघाली. बांगडे धुऊन तयार, आणि नेमके लाइट गेले. मिक्सर बंद. विनीत म्हणाला, "अगं, दाराला तो लोखंडी आहे ना, घे की त्यात."

तिनं मला घासलं, पुसलं आणि बियांसकट तिरफळं ओतली. मी मनात कपाळावर हात मारला. चार घाव घालून तिनं बोटाला लागलेला चुरा चाखला आणि थांबली. जिभेला मुंग्या आल्या होत्या.

"हिरव्या बांगड्या," ती हळूच म्हणाली. "ह्याच्या काठावर वाजायच्या. मी तिरफळ चोरून खायचे, जीभ बधिर झाली की आई जिभेवर गूळ चोळायची. म्हणायची, जीभ दाखव बघू, खारूताई."

"बाबांनी सांगितलं असेल तुला कधीतरी," विनीत म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. तिनं लगेच वडिलांना फोन लावला, स्पीकरवर.

"बाबा, आई मला लाडानं काय म्हणायची?"

"बाळा म्हणायची. का गं?"

"आणि तिरफळ खाल्ल्यावर?"

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

"खारूताई," तानाजी म्हणाला. "तुला कोणी सांगितलं? मी तर विसरूनच गेलेलो."

"कोणीच नाही, बाबा. मला आठवलं. माझं मला आठवलं."

ती रडत होती आणि हसतही होती. मी तर आनंदानं वेडा व्हायचा बाकी होतो.

"ठेचलंस कशात?" तानाजीनं विचारलं.

"आईच्या खलबत्त्यात."

मग तो म्हणाला, "फोन त्याच्याजवळ धर. आणि जरा वाजव."

माझा पंचवीस वर्षांचा राग कुठल्या कुठे गेला. संचितानं बत्ता उचलला आणि मी जीव ओतून वाजलो. "अजून एकदा," तो म्हणाला. असं चार वेळा झालं.

तिखलं अर्थातच कडू झालं. दोघांनी ते चाटूनपुसून खाल्लं, वाटीभर बाबांसाठी ठेवलं. तुमच्या माळ्यावर माझा कुणी भाऊबंद पडला असेल, तर त्याला एकदा खाली काढा, एवढंच मागणं.

आता जास्त बोलत नाही. तानाजी डोंबिवलीहून निघालाय. दाराला माझ्या जागी संचितानं झाडाची कुंडी टेकवली आहे. मी ओट्यावर आहे.